हायस्पीड मोटरचे आरपीएम कसे मोजावेत: पहिल्यांदाच टॅको हातात घेणाऱ्यांसाठी

वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीत मी स्पिंडल मोटर दुरुस्त करतो. लाकूड, एमडीएफ, अ‍ॅक्रिलिक कापणाऱ्या सीएनसी राउटरवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या यंत्रावर, कटर फिरवायला बसतात त्या. दांडिया बाजारात घरी कुणी विचारलं तर "मोटर रिपेअरिंग" एवढंच सांगतो आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पाण्याचा पंप उभा राहतो. पंपाची मोटर मिनिटाला २,८८० फेरे (म्हणजेच आरपीएम) घेते, आमची २४,०००. या फरकामुळे मोजण्याची सगळी रीतच बदलते, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या वर्षी बेअरिंग बदललेला एक स्पिंडल मी टॅकोने, म्हणजे शाफ्टवर उजेड टाकून परतणाऱ्या चमका मोजणाऱ्या टॅकोमीटरने, मोजला. आकडा आला जवळजवळ ४८,०००. ड्राइव्हचं (मोटरला हवी ती फ्रिक्वेन्सी पुरवणाऱ्या यंत्राचं) सेटिंग बिघडलंय असं मी ठरवलं आणि टॅकोवर २४,००० दिसेपर्यंत वेग खाली आणून माल ग्राहकाला दिला. खरं तर मोटर आधी बरोबर फिरत होती. शाफ्टवर पाना लावायला समोरासमोर दोन सपाट बाजू असतात, त्या दोन्ही चमकत होत्या, आणि टॅको एका फेऱ्याचे दोन मोजत होता. मी वेग निम्मा करून दिला होता. ग्राहकाने नेहमीचा प्रोग्रॅम नेहमीच्या फीडने (कटर पुढे सरकण्याच्या वेगाने) लावला. वेग निम्मा म्हणजे प्रत्येक दात दुप्पट जाड चिप्स काढणार. तासाभरात तीन बारीक कटर मोडले. फोनवर ते ओरडले नाहीत. "भाई, तमे माप्युं तो हतुं ने?" एवढंच विचारलं. मोजलं तर होतंच. टॅको काय मोजतोय हे बघितलं नव्हतं.

ती चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून हे सगळं लिहितोय.

१. टॅको उचलण्याआधी कागदावर आकडा काढा

मोटरची नेमप्लेट पुसून तिचा फोटो काढा. त्यावरून तीन गोष्टी वहीत उतरवा: फ्रिक्वेन्सी, पोल (मोटरचे चुंबकीय ध्रुव) आणि लिहिलेला वेग. इंडक्शन मोटरचं सूत्र सोपं आहे: १२० गुणिले फ्रिक्वेन्सी, भागिले पोल. घरच्या ५० हर्ट्झवर दोन पोलची मोटर जास्तीत जास्त ३,००० फिरू शकते, चार पोलची १,५००. स्पिंडलला ड्राइव्ह ४०० हर्ट्झ देतो आणि पोल दोन असतात, म्हणून २४,०००.

ही वरची मर्यादा आहे. रोटर नेहमी थोडा मागे राहतो, त्याला स्लिप म्हणतात. पंपाच्या प्लेटवर ३,००० ऐवजी २,८८० असतात ते त्यामुळेच. स्पिंडल रिकामा फिरताना स्लिप अगदी कमी असते, पण शून्य नसते. म्हणून एक गोष्ट पाठच करा: इंडक्शन मोटर स्वतःच्या ताकदीवर या मर्यादेपुढे जात नाही. टॅकोने त्याहून मोठा आकडा दाखवला तर मोटरला दोष देऊ नका. एक तर ड्राइव्ह जास्त फ्रिक्वेन्सी देतोय, नाही तर तुम्ही चुकीचं मोजताय. ४८,००० बघताना मला एवढं आठवलं असतं, तर तीन कटर वाचले असते.

सुताराकडचा ट्रिमर, ग्राइंडर, मिक्सर यांना हा नियम लागू नाही. त्या कार्बन ब्रशच्या युनिव्हर्सल मोटर असतात. भार काढला की वेग खूप वाढतो, म्हणून तिथे प्लेटवरचा आकडा फक्त अंदाज समजा. ब्रशलेस मोटरचा कंट्रोलर कधीकधी विद्युत फेरे दाखवतो. त्याला चुंबकांच्या जोड्यांनी भागावं लागतं: १४ चुंबक असतील तर ७ ने.

दोन सापळे इथेच लागतात. पहिला म्हणजे ड्राइव्हच्या डिस्प्लेवरचा आरपीएम. तो मोजलेला नसतो. ड्राइव्ह स्वतः देत असलेल्या फ्रिक्वेन्सीवरून हिशोब करून तो दाखवतो. पॅरामीटरमध्ये पोल चार भरलेले असतील तर मोटर २४,००० फिरत असताना डिस्प्ले १२,००० म्हणेल. डिस्प्ले फ्रिक्वेन्सीवर ठेवा आणि वेग बाहेरून मोजा.

दुसरा सापळा महाग पडतो. ४०० हर्ट्झचा स्पिंडल "बघू तरी फिरतो का" म्हणून सरळ ५० हर्ट्झच्या लाइनवर जोडू नका. कमी फ्रिक्वेन्सीवर व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी लागतं. पूर्ण व्होल्टेज दिलं की करंट भडकतो आणि वाइंडिंग जळतं.

२. जवळ काय काय हवं

कागद: नेमप्लेटचा फोटो, ड्राइव्हचं मॅन्युअल, जॉब कार्ड, आणि टॅकोचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट असेल तर ते.

सामान:
- फोटो टॅकोमीटर, ९९,९९९ आरपीएमपर्यंतचा
- मॅट काळा रंग किंवा जाड काळा मार्कर, आणि पांढरा पेंट मार्कर
- स्पिरिट आणि स्वच्छ कापड
- फ्रिक्वेन्सी दाखवणारा मल्टिमीटर
- डोळ्यांवर सेफ्टी चष्मा, मोटरपुढे पॉलिकार्बोनेटची जाड शीट
- वही

टोकाला रबर असलेला, शाफ्टला टेकवायचा टॅको यादीत नाही, आणि तो मुद्दाम गाळलाय. १,४४० च्या मोटरवर तो उत्तम चालतो. बाजारात सहज मिळणाऱ्या अशा टॅकोंची मर्यादा साधारण २०,००० च्या आतबाहेर असते. त्याहून मोठी अडचण रबर घसरण्याची. रबर घसरलं की आकडा कमी येतो, आणि कमी आलेला आकडा खरा वाटतो. शिवाय एवढ्या वेगात फिरणाऱ्या शाफ्टजवळ हात न्यायचाच कशाला?

३. टॅकोची परीक्षा ट्यूबलाइटवर घ्या

ही मला आमच्या मिस्त्रीकाकांनी दाखवली. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटसमोर फोटो टॅको धरा आणि बटण दाबा. बहुतेक टॅको ६,००० च्या आसपास आकडा दाखवतील. ५० हर्ट्झचा प्रवाह एका सेकंदात १०० वेळा शिखर गाठतो, ट्यूब तितक्या वेळा लुकलुकते, आणि १०० गुणिले ६० म्हणजे ६,०००. आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवतात. त्या हिशोबाने ५,९८८ ते ६,००६ मधलं काहीही आलं तर टॅको ठीक आहे.

हे चोकच्या ट्यूबवरच करा. इलेक्ट्रॉनिक चोक किंवा चांगल्या एलईडीवर लुकलुक अशी नसते. लाइट गेलेली असताना इन्व्हर्टरवरही करू नका, त्याची फ्रिक्वेन्सी त्याची स्वतःची असते. काही लेसर टॅको स्वतःचाच उजेड ओळखतात, ते ट्यूबपुढे गप्प बसतील. त्यांना बिघडलेलं समजू नका.

ग्राहकाला लेखी टेस्ट रिपोर्ट द्यायचा असेल तर ट्यूबलाइट पुरत नाही. तेव्हा एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त लॅबचं सर्टिफिकेट लागतं. मकरपुऱ्यातच इर्डा, म्हणजे इलेक्ट्रिकल रिसर्च अँड डेव्हलपमेंट असोसिएशन आहे. तुमच्याकडच्या प्रकारचा टॅको कोणती लॅब घेते ते आधी फोनवर विचारा, आणि किती आरपीएमपर्यंत तपासून देतात तेही. ३,००० पर्यंत तपासलेल्या टॅकोचं सर्टिफिकेट २४,००० ला लागू पडत नाही.

४. शाफ्टवर खूण करा. घाई इथे अजिबात नको

टॅकोसोबत चमकणाऱ्या टेपची पट्टी येते. पंपाच्या मोटरवर ती खुशाल चिकटवा. स्पिंडलवर आधी हिशोब करा.

२५ मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट, २४,००० आरपीएम. म्हणजे सेकंदाला ४०० फेरे. पृष्ठभागाचा वेग होतो सेकंदाला ३१ मीटर, ताशी ११३ किलोमीटर. अहमदाबाद एक्सप्रेसवेवरच्या गाडीइतका. पण गाडी सरळ जाते आणि ही पट्टी सव्वा सेंटिमीटरच्या त्रिज्येत वळते. तिच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ८,००० पट ओढ येते. एक दशांश ग्रॅमची पट्टी ८०० ग्रॅमच्या जोराने बाहेर निघायला बघते. गोंदाने ती धरून ठेवावी असा हट्ट कशाला? पट्टी उडते, कधी डोळ्यांच्या दिशेने, कधी मोटरच्या पुढच्या सीलमध्ये. बारीक शाफ्टच्या एका बाजूला वजन लागल्याने थरथर येते ती वेगळीच.

म्हणून मी स्पिंडलवर टेप लावत नाही, रंग लावतो.

शाफ्ट स्पिरिटने पुसा. तेलाचा हात लागला असेल तर रंग धरत नाही. टॅकोचा उजेड पडेल त्या पट्ट्यावर पूर्ण गोल मॅट काळा रंग द्या, सपाट बाजू असतील तर त्यांवरसुद्धा, आणि वाळू द्या. मग एकाच जागी, शाफ्टच्या लांबीच्या दिशेने, पांढरी रेघ ओढा, चारपाच मिलिमीटर रुंद. रेघ फार बारीक ठेवली तर इतक्या वेगात ती टॅकोसमोरून जाण्याचा वेळ फार थोडा असतो आणि काही फेरे गळतात. पांढऱ्यावर दुसरा हात देऊ नका, पातळ थरच टिकतो.

शाफ्टचं सपाट टोक दिसत असेल तर खूण तिथे, मध्याजवळ करणं आणखी चांगलं. त्रिज्या कमी, म्हणून ओढ कमी. शिवाय गोल पृष्ठभागावरची ओढ खुणेला उचकटून काढते, टोकावरची फक्त सरकवायला बघते. चिकटलेली वस्तू सरकायला कठीण, उचकटायला सोपी.

५. मोटर बांधा, मगच स्विचकडे जा

कटर काढा. कटर लावून वेग मोजायचा नसतो, कुणी कितीही घाई केली तरी. कॉलेटचा (कटर पकडणाऱ्या चिमट्याचा) नटही काढून बाजूला ठेवा, रिकामा नट फिरताना सैल होतो. मोटर क्लॅम्पमध्ये घट्ट आवळा. टेबलावर नुसती आडवी ठेवून हाताने धरलेली मोटर मी पाहिली आहे. वेग घेताना ती उलटा झटका देते. पाण्याने थंड होणारा स्पिंडल असेल तर आधी पंप सुरू करा आणि परतीच्या नळीतून पाणी पडताना डोळ्यांनी बघा.

बाह्या वर, गळ्यातली साखळी काढलेली. पावागडहून आलेला मनगटावरचा लाल धागा आत सरकवून वर घट्ट पट्टा बांधा; तो कापायला सांगून कुणाचं मन दुखवायची गरज नाही. शाफ्टच्या रेषेत, मागच्या बाजूला उभे राहा. काही सुटलं तर ते गोल फिरणाऱ्या भागाच्या बाजूंना उडतं, तिथे कुणी उभं नको.

मोटर एकदम ४०० हर्ट्झवर नेऊ नका. १०० हर्ट्झवर पाच मिनिटं, मग २००, ३००, ४००. बेअरिंगसाठी हे चांगलंच, पण मोजणाऱ्यासाठी त्याहून चांगलं. प्रत्येक पायरीवर तुमचा कागदी आकडा तयार आहे: ६,०००, १२,०००, १८,०००, २४,०००. मोजलेले आकडे त्याच चालीने वाढायला हवेत.

६. आता मोजा

टॅको खुणेपासून १० ते १५ सेंटिमीटरवर, पॉलिकार्बोनेटच्या कडेने धरा. शीटमधून मोजलं तर तिची चमक मध्ये येते. उजेड काटकोनात न टाकता जरा तिरका टाका. उघडं धातू आरशासारखं असतं, तिरका पडलेला उजेड दुसरीकडे जातो आणि टॅकोला फक्त पांढरी रेघ दिसते. दोनतीन सेकंद हात स्थिर ठेवा. असे तीन आकडे घ्या.

आकडे पाचपन्नासने इकडेतिकडे होत असतील तर हरकत नाही. हजारांनी उड्या मारत असतील तर आधी शटरकडे बघा. आमच्या शेडचं शटर पश्चिमेला आहे, एप्रिल-मे महिन्यात चारनंतरचं ऊन थेट टेबलावर येतं आणि टॅको वेडंवाकडं दाखवतो. शटर अर्धं ओढलं की शांत होतो.

आकडा बरोबर दुप्पट आला तर दुसरं काहीतरी चमकतंय: सपाट बाजू, चावीची खाच, रंगाचा टवका. निम्मा किंवा मधलाच काहीतरी आला तर खूण फिकी आहे किंवा टॅको लांब आहे.

आणि आता या लेखातली सगळ्यात कामाची युक्ती. मोटर थांबवा, प्लग काढा, पहिल्या रेघेच्या बरोबर समोर दुसरी पांढरी रेघ ओढा. पुन्हा त्याच फ्रिक्वेन्सीवर मोजा. आकडा नेमका दुप्पट झाला पाहिजे. झाला, तर टॅको तुमची रेघच मोजत होता. नाही झाला, तर तो आधीपासून भलतंच काही मोजत होता. या तपासणीला दहा मिनिटं लागतात आणि ती मी आजही प्रत्येक नव्या प्रकारच्या शाफ्टवर करतो.

७. दुसऱ्या पद्धतीने तोच आकडा येतो का बघा

पहिली चूक पकडायला दुसरी पद्धत वेगळ्या तत्त्वावरची हवी. दुसरा फोटो टॅको आणला तर तोही त्याच चमकेला फसेल.

*आवाज.* फुकटात होतं आणि मला सगळ्यात आवडतं. सेकंदाला ४०० फेरे म्हणजे थोड्याशा असमतोलाचा ४०० हर्ट्झच्या जवळचा सूर. ४४० च्या मापाने लावलेल्या पेटीवर पांढरी पाच ३९२ हर्ट्झची असते, तिच्या किंचित वर. माझी बहीण पेटी वाजवते. शेडमध्ये आली तेव्हा तिने लगेच सूर सांगितला. पण कानाला सप्तक चुकू शकतं, आणि सप्तक चुकणं म्हणजे वेग दुप्पट किंवा निम्मा होणं. नेमकी तीच चूक आपल्याला टाळायचीय. म्हणून फोनमध्ये फुकट मिळणारं स्पेक्ट्रम अ‍ॅप उघडा आणि शिखर कुठे आहे ते वाचा. ३९७ हर्ट्झ दिसलं तर ६० ने गुणा: २३,८२०.

सापळा असा की मोटर विजेचाही गुणगुणाट करते, ८०० हर्ट्झच्या जागी, आणि ड्राइव्हची शिट्टी काही हजार हर्ट्झवर असते. शिखर यंत्राचं की विजेचं हे ओळखायला ड्राइव्हला मोटर मोकळी सोडायला लावा, म्हणजे ब्रेक न लावता नुसता पुरवठा बंद. विजेचा आवाज त्या क्षणी नाहीसा होतो. फिरण्याचा सूर हळूहळू खाली घसरत जातो. घसरणारं शिखर तुमचं.

*स्ट्रोब.* लुकलुकणारा दिवा फेऱ्यांशी जुळला की रेघ जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते. पण ती निम्म्या वेगावर, तिसऱ्या हिश्श्यावरही तशीच थांबते. त्यामुळे वरून खाली या: सगळ्यात वरच्या आकड्यापासून हळूहळू उतरा. दुप्पट वेगावर समोरासमोर दोन रेघा दिसतील, आणखी उतरल्यावर पहिल्यांदा एकच रेघ स्थिर दिसेल तो खरा वेग. स्ट्रोब तेवढ्या वर जातच नसेल तर एकच रेघ थांबते असे लागोपाठचे दोन आकडे टिपा, त्यांचा गुणाकार करा आणि त्यांच्या फरकाने भागा. १२,००० आणि ८,००० मिळाले, तर ९,६०,००,००० भागिले ४,०००, म्हणजे २४,०००.

स्ट्रोबखाली शाफ्ट थांबलेला दिसतो. तो थांबलेला नसतो. हात मागे बांधूनच बघा. ज्यांना फिट येतात त्यांना त्या वेळी शेडबाहेर थांबायला सांगा.

*हॉल सेन्सर.* चुंबक समोरून गेला की पल्स देणारा सेन्सर, कायम बसवायचं असेल तर. सेन्सरचं आउटपुट मल्टिमीटरच्या हर्ट्झवर वाचा आणि ६० ने गुणा. शाफ्टवर चुंबक चिकटवू नका, कारण खूण करतानाचाच हिशोब इथेही लागतो. कपलिंगमध्ये खाच करून आत बसवलेलं असेल तरच. मल्टिमीटर ड्राइव्हच्या मोटरकडच्या तारांना लावू नका, तिथे कापलेल्या लहरी असतात आणि साधा मीटर भलताच आकडा देतो, शिवाय व्होल्टेज जिवावर बेतणारं असतं. अर्डुइनोने (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डने) मोजणार असाल तर एका सेकंदात आलेले पल्स मोजण्यात एका पल्सची चूक ६० आरपीएमची होते. त्याऐवजी शंभर फेऱ्यांना लागलेला वेळ मोजा.

८. वहीत असं लिहा

नुसतं "२४,००० ओके" लिहिलेली जुनी पानं माझ्याकडे आहेत, आणि त्यांचा मला काहीच उपयोग होत नाही. कोणत्या फ्रिक्वेन्सीवर, किती खुणा, कोणत्या पद्धतीने, मोटर किती गरम, हे सगळं हवं. पुढच्या वर्षी तोच स्पिंडल परत येईल तेव्हा तेवढंच कामाला येतं. माझी आताची नोंद अशी असते:

*४०० हर्ट्झ, रिकामा, कटर व नट काढून. फोटो टॅको, एक रेघ: २३,८२५ / २३,८१९ / २३,८२२. दोन रेघा: ४७,६४२. आवाज: ३९७ हर्ट्झ, बंद केल्यावर घसरला. २० मिनिटं फिरल्यावर बॉडी कोमट. ट्यूबलाइटवर टॅको: ५,९९८.*

या पानाचा फोटो बिलासोबत ग्राहकाला पाठवतो.